पाणी नको, चहा चालेल

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. आतली मुलगी पाण्याची बाटली हातात देत म्हणाली, "मावशी, ही सगळी संपवा. लघवी लागली तरी जायचं नाही हं. नंबर येईपर्यंत जरा कळ काढा." कळ पोटात आधीच होती, तरी मला हसू आलं. कळ काढायचाच तर धंदा माझा. गेली १३ वर्षं.

मी पिग्मी एजंट आहे. सांगलीतल्या एका पतसंस्थेसाठी दुकानोदुकानी फिरून रोजचे पैसे गोळा करते. गणपती पेठ, कापड पेठ, हरभट रोड आणि मारुती रोडचा थोडा तुकडा, ही माझी लाइन. खाती १४० च्या आसपास. कुणी रोजचे ५० देतं, कुणी ५००, कुणी "उद्या दोन दिवसांचे एकदम" म्हणतं. मशीनमध्ये आकडा टाकायचा, पावती फाडून द्यायची की पुढचं दुकान. सकाळी सांगलीवाडीतून कृष्णेवरचा आयर्विन पूल ओलांडून यायचं, संध्याकाळी सातला संस्थेत भरणा करायचा आणि परत. या मधल्या आठ-नऊ तासांत लघवीला जायचं नाही. तसा नियम कुणी केलेला नाही, पण जायचं कुठं? रस्त्यावरच्या ज्या एक-दोन जागा आहेत, तिथं एकीला कडी नाही, दुसरीच्या दारातच गडी उभे असतात. लाइनवर लागले त्या पहिल्याच महिन्यात मी उपाय शोधला. पाणीच प्यायचं नाही.

उन्हातून दुकानात शिरलं की माणसं आपणहून विचारतात, "ताई, पाणी देऊ का?" आमच्या पेठा त्या बाबतीत दिलदार. माझं उत्तर ठरलेलं, "पाणी नको, चहा चालेल." अर्ध्या कपाने काय होतंय, असा माझा हिशेब. दिवसाला असे आठ-दहा अर्धे कप. बाटली पिशवीत असायची, घरून भरून न्यायची आणि तशीच परत आणायची. संध्याकाळी ते पाणी तुळशीला. आमची तुळस मात्र झकास आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री तीनच्या सुमारास उजव्या कुशीत दुखायला लागलं. आधी वाटलं, गॅस. ओवा चावला, अंगणात फेऱ्या मारल्या. पण हे दुखणं एका जागी थांबेना. पाठीतून निघायचं, पोटाच्या कडेनं खाली उतरायचं आणि जांघेत जाऊन रुतायचं. जरा सैल पडायचं, वाटायचं गेलं, तेवढ्यात पुन्हा. दोन उलट्या झाल्या. बसवेना, झोपवेना. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, उठून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "खडा हाय ह्यो. तुझ्या मामंजींना असंच व्हायचं. रातभर गोठ्यात येरझाऱ्या घालायचे."

सहा वाजता आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं दार वाजवलं. त्यांनी हात लावायच्या आधीच निदान केलं. म्हणाले, "तुम्ही बाकावर बसतच नाही आहात. अपेंडिक्सचा पेशंट हलत नाही आणि खड्याचा पेशंट थांबत नाही." कमरेत इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांनी जग पुन्हा जागेवर आलं. मग लघवी तपासली, तर डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात होतं. आणि मग ती सोनोग्राफी.

८ मिलिमीटर. उजव्या बाजूला, किडनीतून निघून नळीत उतरलेला, वरच्या भागातच अडकलेला. वर किडनीला सूज. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. किडनीपासून मूत्राशयापर्यंतची नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. खडा अडला की मागं लघवी तुंबते, किडनी फुगते, आणि तो ताण म्हणजे ती कळ. मला वाटायचं खडा टोचतो म्हणून दुखतं. टोचण्यापेक्षा तुंबणं हेच खरं दुखणं. ४-५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपले आपण पडतात. १० च्या वरचे क्वचितच. "तुमचा मधला आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन आठवडे वाट बघता येईल. पण एक लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप आला तर मला फोनसुद्धा करू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि विसरले. इंजेक्शनने दुखणं थांबलं होतं ना.

गोळी लिहून दिली होती ती नळी सैल पडावी म्हणून. चौकातल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली तर पोरगं विचारतंय, "साहेबांना का?" म्हटलं, "नाही, मलाच." तो गप्प झाला आणि जरा जास्तच बारकाईनं चिठ्ठी वाचायला लागला. नंतर कळलं, ती गोळी मुळात म्हातारपणी प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची. खड्यालाही तीच देतात.

लघवी गाळून करायची, खडा पडला तर ठेवून द्यायचा, तपासायला लागेल, असंही सांगितलं होतं. त्यासाठी शनिवारच्या बाजारातून चहाची नवी गाळणी आणली. घरात दुसरीही तशीच असल्यामुळं तिच्या दांडीला लाल दोरा बांधला आणि सगळ्यांना बजावलं. तरी एका सकाळी आमच्या ह्यांनी घाईत तीच उचलली. चहा ओतायच्या आधी आत्यांनी पाहिलं म्हणून बरं. ह्यांचा छोटा हत्ती टेम्पो आहे, मार्केट यार्डातून हळदीची पोती वाहतात. त्या दिवसापासून ते बाहेरच चहा घ्यायला लागले.

घरात खडा आला की उपाय सांगणारे आपोआप येतात. आत्यांनी कुंडीतली पानफुटी काढून सकाळी अनशापोटी दोन पानं चावायला लावली. आंबट लागतात, वाईट नाहीत. एक दिवसाआड हुलग्याचं माडगं. गणपती पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात माझं खातं आहे, तिथल्या काकांनी गोखरूची पुडी दिली, पैसे घेतले नाहीत. कुणी म्हणालं टोमॅटोचं बी काढून टाका, कुणी म्हणालं दूध बंद करा, कुणी म्हणालं बोअरचं पाणी सोडा. हरभट रोडवरच्या एका गड्याने आवाज खाली आणून बिअर सुचवली आणि मग स्वतःच लाजला.

मी पानफुटीची टिंगल करणार नाही. मामंजींचा खडा पानफुटीनं पडला असं आत्या शपथेवर सांगतात, आणि बहुतेक खडे आपसूकच पडत असतील तर कुणाचा ना कुणाचा तरी पानफुटी खातानाच पडणार. पण मी काय केलं बघा. पानं खाल्ली, माडगं प्यायले, गोखरूचा काढा घेतला, गोळी घेतली आणि सकाळी साडेदहाला पुन्हा लाइनवर जाऊन म्हटलं, "पाणी नको, चहा चालेल." ज्याच्यामुळं झालं तेवढं सोडून बाकी सगळं केलं. सुट्टी घेतली तर कमिशन बुडतं, आणि दोन दिवस एजंट दिसला नाही तर दुकानदार पैसे गल्ल्यातून काढायचे विसरतात.

आत्यांना एकदा म्हटलं, "डॉक्टर म्हणतात पाणी कमी पडलं." तर त्या म्हणाल्या, "आम्ही कुठं पीत हुतो? पहाटं एकदा जायचं आन् दिस बुडल्यावर एकदा. मधी लागलं तर भांगलतानाच खाली बसायची चोरी. बाईच्या जातीला सवय लावून घ्यावी लागती." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुलाबी मीच सांगितलं असंल." सांगितलं होतंच. लग्न होऊन आले तेव्हा एसटीत बसायच्या आधी त्या माझ्या हातातला तांब्या काढून घ्यायच्या.

या दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात आली. पुरुष बिनधास्त सांगतात, "मुतखडा झालाय." मला तो शब्द दुकानात उच्चारता येईना. मी "पित्त वाढलंय" सांगायचे. मग ते पित्तावरचे उपाय सांगायचे.

मे महिन्याच्या मध्यावर एका संध्याकाळी भरणा करून घरी आले आणि हुडहुडी भरली. बाहेर तापमान ४० च्या आसपास आणि मी गोधडीत. ताप १०३. दुखणं उलट कमी होतं, म्हणून मला वाटलं ऊन लागलं असेल. थोरला बारावीचं वाचत बसला होता. तो म्हणाला, "आई, डॉक्टर काय म्हणाले होते तापाचं?" मी विसरले होते, पोरगं विसरलं नव्हतं.

रात्री साडेअकराला ह्यांनी छोटा हत्ती काढला. पुलावरून, सांगलीतून मिरजेच्या रस्त्याला. मागं हळदीचा वास अजून होता. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उघडलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज झालं, आणि बाकीचे दवाखाने त्यांच्या आजूबाजूनं वाढत गेले. अथणी, चिकोडी, रायबाग, पार विजापूरकडून माणसं इथं येतात. औषधाच्या दुकानांवर मराठीखाली कन्नड पाटी असते. मध्यरात्री ती दुकानं उघडी दिसली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता कुणीतरी बघेल.

सीटी स्कॅन झाला. खडा तिथंच होता, तीन आठवड्यांत जागचा हलला नव्हता. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेतलं नाही, मलाच सांगितलं, ते मला आवडलं. म्हणाले, "वर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढलेत. तुंबलेलं गटार आणि त्यात घाण, असं समजा. हे विष रक्तात जाऊ शकतं. आज खड्याला हात लावायचा नाही. आज फक्त पाण्याला वाट करून द्यायची." मी विचारलं, "एवढे आलोच आहोत तर खडापण काढून टाका की." ते म्हणाले, "जंतू असताना आत फोडाफोडी केली तर ते सगळीकडे पसरतील. आधी वाट, मग खडा."

त्या रात्री लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण घालून खड्याच्या शेजारून एक बारीक, मऊ नळी वर किडनीपर्यंत सरकवली. पोटावर कुठंही कापलं नाही. या नळीची दोन्ही टोकं इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली असतात, म्हणजे ती घसरत नाही. म्हणून तिला डबल जे म्हणतात, आणि सगळा वॉर्ड तिला डीजे म्हणतो. गणपतीत डीजेचा आवाज किती असावा यावर आमच्या घरात दरवर्षी भांडण असतं. थोरल्याने शेवटचं मत दिलं, "आता डीजे आईच्या पोटातच आहे."

पैशांचं सांगते, कारण लोक तेच विचारतात. मधल्या तीन आठवड्यांत सांगलीत एके ठिकाणी मी चौकशी केली होती. त्यांनी सीटी न बघताच ६० हजार सांगितले होते आणि "आजच ॲडव्हान्स भरा, नाहीतर किडनी जाईल" असंही. मी घाबरून पळून आले आणि पानफुटीची पानं दोनाची तीन केली. मिरजेत ज्या दवाखान्यात गेलो तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होता. दारातच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. आमचं रेशनकार्ड केशरी. कार्ड, आधार, माझा फोटो, मग ऑनलाइन मंजुरी. आधी पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. २०२३ च्या निर्णयानंतर योजना सगळ्या रेशनकार्डांना लागू झाली आणि कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत मर्यादा झाली. पण सगळेच दवाखाने योजनेत नसतात, आणि असले तरी सगळेच उपचार तिथं होत नाहीत. म्हणून दाखल व्हायच्या आधी त्या टेबलावर जाऊन आपल्या आजाराचं नाव सांगून विचारायचं. माझ्या दोन्ही वेळच्या ऑपरेशनचे पैसे लागले नाहीत. आधीची सोनोग्राफी, गोळ्या, येण्या-जाण्याचं डिझेल आणि ह्यांचं बुडलेलं भाडं, हे आपलं आपण.

शेजारच्या खाटेवर रायबागकडची एक पोरगी होती, तिलाही खडाच. तिच्या आईला मराठी येत नव्हतं आणि मला कन्नड. तरी ती दर अर्ध्या तासानं दोघींसमोर पेला धरायची, "नीर कुडीरी." पोरगी वैतागायची. मी मात्र प्यायचे. इतक्या वर्षांत मला कुणी पाणी पी म्हणून मागं लागलं नव्हतं, आणि संडास खाटेपासून दहा पावलांवर होता.

पाच दिवसांनी घरी सोडलं. जंतू पूर्ण मरेपर्यंत तीन आठवडे अँटिबायोटिक आणि विश्रांती, मग खडा. विश्रांती मी सहा दिवस केली. आमच्या ह्यांनी दोन दिवस माझी लाइन फिरून बघितली. दुकानदारांनी त्यांना पैसे दिले, पण प्रत्येकाने "ताई कुठं?" विचारलं आणि ह्यांनी प्रत्येकाला खरं सांगितलं. त्यामुळं माझं पित्त उघडं पडलं.

आता स्टेंट, म्हणजे ती डीजे नळी, पोटात घेऊन लाइनवर जाणं काय असतं ते सांगते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. ती नळी मूत्राशयात टोचत राहते, त्यामुळं सारखं वाटतं, लागली, आत्ता लागली. अर्ध्या तासात पुन्हा. करून झाली की शेवटी एक कळ उजव्या पाठीत वर चढते. जास्त चाललं की लघवी फिकट लाल होते. डॉक्टर म्हणाले होते, "लाल झाली तर पाणी वाढवा. गुठळ्या आल्या किंवा ताप आला तर या." आणि त्यांनी एक गोष्ट मला तीनदा म्हणायला लावली: ही नळी काढायची असते. बरं वाटलं की लोक विसरतात आणि वर्षांनी परत येतात, तेव्हा नळीवरच खडे चढलेले असतात.

तर पहिल्या दिवशी कापड पेठेत, सकाळचे सव्वाअकरा, तिसरंच दुकान, आणि आता थांबणं शक्य नव्हतं. कळ काढण्याची १३ वर्षांची पुण्याई त्या नळीपुढं चालेना. फॉल-अस्तराचं दुकान होतं. मालक गल्ल्यावर, वहिनी कापड मोजत होत्या. मी वहिनींच्या कानाशी जाऊन विचारलं. त्या बघतच राहिल्या. "अहो, वर आमचं घर आहे की! या पायऱ्या, डाव्या हाताला. तेरा वर्षं येताय, कधी बोलला नाहीत ते?"

जिना चढताना मला रडू आलं, खरं सांगते. थोडं दुखण्यामुळं, थोडा राग. मी विचारलं नाही हे खरंच आहे. पण तेरा वर्षं रोज चहा विचारणाऱ्या इतक्या चांगल्या माणसांपैकी एकालाही वाटलं नाही की सकाळपासून फिरणारी ही बाई जाते कुठं. मला माझा राग जास्त आला की त्यांचा, हे अजून ठरलेलं नाही.

त्यानंतर विचारत गेले. भांड्यांच्या दुकानामागं एक होता, आतून कडी असलेला, स्वच्छ. साडीच्या मोठ्या दुकानात तिसऱ्या मजल्यावर. काष्ठौषधीवाल्या काकांकडे पोटमाळ्याशेजारी, वाकून जावं लागतं आणि सुंठीचा वास येतो. एका ठिकाणी नोकर म्हणाला, "मालक नाहीत," जसं काही मी उधार मागत होते. एका ठिकाणी सरळ "नाही" आलं. ते खातं अजून चालू आहे, पैसे वेळेवर देतात. साडीच्या दुकानात काम करणाऱ्या दोन पोरी माझ्यासोबत जिना चढून आल्या. त्यांची किल्ली गल्ल्यावर असते आणि ती मागायची लाज वाटते म्हणून त्याही दहा ते दोन पाणी पीत नाहीत. एकीचं वय वीस. मला माझी बाटली तिच्या हातात द्यावीशी वाटली. दिली नाही. ती घेणार नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खडा काढला. कमरेखाली भूल, लघवीच्या मार्गातूनच दुर्बीण, आणि लेसरने खड्याचा चुरा. पाऊण तास. मी जागी होते. समोर पडद्यावर दिसत होतं, पिवळट-तपकिरी, काटेरी, बाभळीच्या डिंकासारखा. लेसर लागला की त्यातून धूळ उडायची. डॉक्टरांनी मोठे तुकडे काढून बाटलीत दिले. जुनी नळी काढून नवी घातली, ती दोन आठवड्यांनी काढली. काढताना भूल नाही, नुसती बधिर करणारी जेली. एक मिनिटाचं काम, पण त्या मिनिटात मी माझ्या सगळ्या खातेदारांची नावं मनात म्हणून घेतली.

तुकडे तपासायला दिले, कॅल्शियम ऑक्झॅलेट निघालं. सगळ्यात जास्त आढळणारा खडा. "म्हणजे दूध बंद?" मी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. दूध-दही जेवणासोबत घ्यायचंच. त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून बाहेर नेतं. दूध तोडलं तर ऑक्झॅलेट मोकळं सुटतं आणि किडनीकडे येतं. कमी करायचं ते मीठ, कारण मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. मी विचारलं, "भडंग?" ते म्हणाले, "सांगलीच्या माणसाला मी भडंग बंद कर म्हणत नाही. मूठभर." पालक कमी, टोमॅटो खाल्ला तरी चालतो, लिंबू चांगलं. चहाचं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या चहानं खडा झाला नाही. चहाच्या जागी जे पाणी नव्हतं, त्यानं झाला." आणि दिवसभरात किती पाणी प्यायलं ते मोजू नका म्हणाले, किती बाहेर पडलं ते मोजा. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. उन्हात फिरणाऱ्याला त्यासाठी किती प्यावं लागेल ते उन्हावर.

मग एका रविवारी आणि एका लाइनच्या दिवशी मोजायचं ठरलं. प्लास्टिकचा मापाचा जग, त्यालाही लाल दोरा. रविवारी दोन लिटर शंभर. लाइनच्या दिवशी पिशवीत एक जास्तीची रुंद तोंडाची बाटली नेली, काळ्या पिशवीत गुंडाळून. त्या दिवशीचं, १ लिटर ३५०.

थोरल्याला हा आकडा सांगणं ही चूक झाली. सांगलीत पावसाळा आला की प्रत्येकाच्या मोबाइलवर दर तासाला आयर्विन पुलाची पातळी येते. ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ चे ते ५७ तर अजून आमच्या भिंतीवर रेघ होऊन उमटलेले आहेत. जुलैत पाऊस सुरू झाला आणि नदी चढायला लागली, तसा तो रोज संध्याकाळी दोन पातळ्या विचारायचा. "बाबा, पूल किती?" "एकतीस." "आई, तू किती?" मी म्हणायचे, सतराशे. तो म्हणायचा, "अजून इशाऱ्याच्या खालीच."

आत्यांनी खड्याची बाटली उजेडात धरून बघितली. "येवढंसं?" म्हणाल्या. त्यांना मामंजींचा मोठा वाटत होता. पानफुटीच्या कुंडीला त्या अजून पाणी घालतात आणि मीही काही म्हणत नाही. मात्र त्यांच्या उशाशी आता रात्री तांब्या भरलेला असतो. तो मी ठेवत नाही.

गेल्या आठवड्यात संस्थेत नवी एजंट लागली, बावीस-तेवीसची, विश्रामबागची. मारुती रोडचा माझा तुकडा तिला द्यायचा आणि कापड पेठ चार दिवस तिला सोबत फिरवायची असं ठरलं. संध्याकाळी भरणा झाल्यावर ती वही उघडून बसली. "ताई, महत्त्वाची दुकानं कुठली, लिहून देता?" मी पिग्मीच्या पावतीच्या पाठीमागं सात नावं लिहिली. कुठला जिना, कुठला मजला, कुठं वाकून जायचं, कुठल्या वहिनी दुपारी झोपतात म्हणून दोन ते चार वाजवायचं नाही.

तिनं दोनदा वाचलं. "यातलं सगळ्यात जास्त पैसे कोण भरतं?"

"ते उद्या सांगते," म्हटलं. "बाटली आणलीस का?"